‘झरी’ नावाचा पाय

निकोडे मॅडम रिटायर झाल्या तेव्हा कॉलेजनं गौरव अंक काढला. “तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली होता, चार चांगले शब्द लिहून द्या,” असा संपादकांचा फोन आला. मी प्रामाणिकपणे बसले. हुशार, कष्टाळू, वक्तशीर. चौथा शब्द काही केल्या सुचेना. मग जे सुचलं ते सगळं लिहून काढलं आणि पाठवून दिलं. जागेअभावी घेता आलं नाही, असं कळवलं त्यांनी. तेच हे.

बाई अजून आहेत, नागपूरला असतात, तब्येत ठणठणीत आहे. तेव्हा मी पाठीमागे बोलते असं कोणी म्हणू नये. समोर बोलायची सोय त्यांनी कोणासाठी ठेवलीच नव्हती.

यवतमाळच्या आमच्या मेडिकल कॉलेजात त्या पॅथॉलॉजीच्या प्रमुख होत्या आणि मी त्यांची ज्युनिअर. ऑपरेशनमध्ये कापून काढलेलं जे काही असेल, गाठ असो, आतडं असो की अख्खा पाय, ते तपासून रोग सांगणारं आमचं खातं. बाई बुटक्या, काटक. केस इतके करकचून बांधलेले की भुवया वर ओढल्यासारख्या दिसायच्या. डबा केबिनचं दार लावून खायच्या. ज्वारीची भाकर आणि ठेचा, रोज. एकदा मी न विचारता आत गेले तर त्यांनी डब्यावर झाकण ठेवलं, जसं काही मी घासच मागणार होते.

त्या कोणाला नावानं हाक मारायच्या नाहीत. गावानं मारायच्या. मी दिग्रसची म्हणून ‘दिग्रस’. टेक्निशियन वैशाली ‘पुसद’. ऑपरेशन थिएटरमधून आमच्याकडे सामान आणणारे म्हातारे अटेंडंट किसनभाऊ ‘वणी’. “ए दिग्रस, ट्रे आण.” “वणीला म्हणावं, पाय इथं ठेव.” सुरुवातीला मला वाटलं, बाईंची गंमत करायची पद्धत असेल. गंमत कसली! त्यांना आमची नावं माहीतच नव्हती आणि करून घ्यायची नव्हती. स्वतः त्या घाटंजीकडच्या, पण त्यांना ‘घाटंजी’ म्हणायची कोणाची छाती होती?

पेशंटचंही तेच. पायाच्या डब्यावर नंबर असायचा, पण बोलताना बाई ‘घाटंजीचा पाय’, ‘झरीचा पाय’ असंच बोलायच्या. पेशंटशी बोलणं हा त्यांना वेळेचा अपव्यय वाटे. “पेशंट खोटं बोलतो, त्याची नस खोटं बोलत नाही,” हे त्यांचं आवडतं वाक्य. नव्या पोरांना पहिल्या दिवशी ऐकवायच्या, पाहुण्यांना ऐकवायच्या, एकदा तर सर्जनच्या तोंडावर ऐकवलं. मला ते वाक्य तेव्हाही आवडलं नव्हतं.

त्यांचा जीव होता तो पायांच्या धमन्यांत. साखर नाही, अंगावर चरबी नाही, तरी ऐन कामाच्या वयात माणसाच्या पायाची बोटं काळी पडतात आणि शेवटी पाय जातो. बिडी, तंबाखू हे कारण सगळ्यांना माहीत. बाईंना वाटे, आणखी काहीतरी आहे. अशी धमनी आतून चुन्यानं कडक झालेली असते. सुरी लावली तर अंड्याच्या टरफलासारखी कुरकुरते. आमच्याकडे रीत अशी की कडक नमुना आधी ॲसिडमध्ये भिजवायचा, मऊ झाला की कापायचा. पण ॲसिडमध्ये चुनाही जातो आणि त्याच्याबरोबर बाकीचे धातूही जातात. म्हणून बाईंनी धमनीपुरतं ॲसिड बंद केलं. न भिजवता तिच्या कांद्याच्या पापुद्र्यासारख्या पातळ चकत्या त्या स्वतः कापायच्या आणि दूर दक्षिणेतल्या एका संस्थेत पाठवायच्या. तिथं लेसरचं मशिन होतं. आपल्याकडे बाया शेतात सरकी टोबतात नं, एक बी, एक पाऊल, पुन्हा बी, ओळीनं, तसा तो लेसर चकतीवर ठिपके जाळत जातो. प्रत्येक ठिपक्याची वाफ वायूबरोबर दुसऱ्या मशिनमध्ये जाते. ते मशिन अणूंच्या वजनावरून सांगतं, इथं चुना आहे, इथं लोह, इथं जस्त. शेवटी सगळ्या ठिपक्यांचा मिळून रंगीत नकाशा होतो. चुना पिवळा. लोह लाल; ते जिथं दिसतं तिथं कधीतरी आतल्या आत रक्त सांडलेलं असतं. सुंदर असतो तो नकाशा, खोटं कशाला बोलू.

त्या मशिनवर वेळ मिळवायला बाई कोणाकोणाशी भांडल्या, कोणाकोणाला फोन केले, हे मी पाहिलं आहे. त्याचं श्रेय त्यांना आहे. एवढंच आहे.

धातूच शोधायचे म्हटल्यावर धातूचा एक कणसुद्धा बाहेरून आत यायला नको. म्हणून बाईंनी चकत्या कापायची खोली धुऊन घेतली, स्टीलच्या सुऱ्या हद्दपार केल्या आणि एका सकाळी वैशालीला दारात उभं केलं. वैशालीचं लग्न नुकतंच झालं होतं. हातात हिरवा चुडा, गळ्यात नवं मंगळसूत्र.

“बांगड्या काढ. मंगळसूत्र काढ. कुंकू पूस.”

“मॅडम, बांगड्या काढतो मी,” वैशाली म्हणाली, “पण कुंकू पूस नका म्हणू जी.”

“कुंकवात काय काय मिसळतात तुला माहीत आहे? शेंदूर तर नुसतं शिसं असतं. पूस, नाहीतर लघवीच्या काउंटरवर जा.”

मी म्हटलं, “मॅडम, टोपी खाली ओढून घेईल ती, कपाळ झाकलं की झालं.” बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वैशालीनं कुंकू पुसलं नाही. ती सरळ लघवीच्या काउंटरवर गेली आणि पुढची लग्नसराई येईपर्यंत तिथंच राहिली. कारण खरं होतं, हे मला मान्य आहे. कुंकवात शिसं असू शकतं. पण खरं कारण हातात असलं की माणसानं कसंही बोलावं काय? मला त्या दिवशी बाईंचा जो राग आला तो आजही तसाच्या तसा आहे.

त्यानंतर झरी जामणीकडच्या एका कोलाम पोडावरून लखू आत्राम आला. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, जंगलाच्या कडेला दहापाच घरं. लखू जंगलातली कामं करणारा माणूस, चाळिशीचा असेल. डावा पाय घोट्यापर्यंत काळा पडलेला. बायको गंगूबाई सोबत होती. ऑपरेशनच्या आधी तिनं मला गाठलं आणि विचारलं, “बाई, पाय आमाले भेटन नं? अर्धा मानूस इथं अन् अर्धा तिथं, कसं जमन? आमी पोडावर नेऊन पुरतो त्याले.” मी बाईंना सांगितलं. बाईंनी धमनी काढून घेतली आणि बाकीचा पाय बांधून दिला. “ने. मला नळीच पाहिजे होती,” एवढं म्हणाल्या. गंगूबाईनं ते गाठोडं दोन्ही हातांवर घेतलं.

मशिनवर वेळ थोडा होता. त्या पहिल्या खेपेला बाईंनी झरीचेच नमुने पाठवायचे ठरवले: लखूचा आणि त्याच पोडाच्या आसपासचे आणखी काही. मी म्हटलं, “मॅडम, तुलनेला दुसरीकडचा एखादा पाठवू. दिग्रसचा आहे, घाटंजीचा आहे.”

“दिग्रसला दिग्रसच दिसणार,” बाई म्हणाल्या आणि नमुन्यांचा डबा बंद केला.

नकाशे आले. चुना होता, लोह होतं, अपेक्षेप्रमाणे. आणि प्रत्येक धमनीच्या कडेकडेनं, आतून आणि बाहेरून, बारीक पांढरी रेघ होती. शिशाची. बाईंना मी आयुष्यात एकदाच हसताना पाहिलं, ते त्या दिवशी. लखूच्या धमनीचा नकाशा त्यांनी मोठा छापून केबिनच्या भिंतीवर लावला, खाली लिहिलं ‘झरी’. मला म्हणाल्या, “पाणी. एका हातपंपावरचं पाणी पितात हे सगळे. जमिनीतून शिसं येतंय.”

“पाणी तपासून घेऊ आधी,” मी म्हटलं.

“तपासू की. तोवर प्यायला लावू का त्यांना विष?”

 बोलणं तर बिनतोड होतं. बाईंनी फोन केले. मार्च संपायच्या आत पोडावरच्या पंपाला साखळी लागली, कुलूप लागलं, दांड्याला लाल रंग फासला गेला. टँकर पाठवू म्हणाले होते. तो काही दिवस आला आणि मग यायचा बंद झाला.

एप्रिलमध्ये गंगूबाई लखूला ड्रेसिंगला घेऊन आली. चेहरा उन्हानं करपला होता. “आमी नाल्यात झिरा खोदून पानी भरून राह्यलो जी,” ती मला म्हणाली. “खाली उतराचं, वाटीवाटीनं भराचं, चढून याचं. भागुबाई परवा हंड्यासकट पडली. मॅडमले म्हना, एकडाव येऊन पाहून जा. पानी चांगलं हाय, आमचे बुढे तेच पिऊन म्हातारे झाले.”

मी आत जाऊन सांगितलं. बाई सूक्ष्मदर्शकात डोळे घालून होत्या. “पाय गेला तरी अक्कल आली नाही यांना,” म्हणाल्या. दार उघडं होतं. गंगूबाईनं ते ऐकलं. ती लखूच्या काखेत हात घालून त्याला हळूहळू जिन्याकडे घेऊन गेली, आणि मी बाईंच्या मानेकडे पाहत उभी राहिले. त्या क्षणी मला त्यांचं काहीही बरं व्हायला नको होतं.

पाण्याचा रिपोर्ट आला. शिसं नाही. बाई म्हणाल्या, “बाटली कोणी धुतली होती?” पुन्हा पाणी पाठवलं, पुन्हा तेच उत्तर. “लॅब भिकार आहे.” पंपाची साखळी तशीच राहिली. मेच्या उन्हात बायका झिऱ्यावर जातच राहिल्या. मी सगळ्यांना सांगून पाहिलं, पण निकोडे मॅडमनं बंद केलेलं उघडायला एक माणूस तयार होईना. बाईंचा शब्द म्हणजे शब्द. असा शब्द कमवायला त्यांना सगळी नोकरी लागली होती आणि तो आता एका पोडाच्या पाण्यावर बसला होता.

मग वानखडेंचा पाय आला. वानखडे त्या पोडाजवळ राहणारे वनरक्षक. वर्षानुवर्षं त्याच पंपाचं पाणी पीत होते. बाईंनी त्यांची धमनी मोठ्या आशेनं पाठवली. नकाशा आला. चुना, लोह, जस्त. पांढरी रेघ नाही. कुठंच नाही.

बाईंनी तो नकाशा टेबलावर लखूच्या नकाशाशेजारी ठेवला आणि दुपारभर दोन्हींकडे पाहत बसल्या. त्या दिवशी डबाही उघडला नाही. संध्याकाळी त्यांनी किसनभाऊंना बोलावलं. मी तिथंच होते.

“वणी, पाय थिएटरमधून निघाल्यापासून माझ्याकडे येईपर्यंत त्याचं काय काय होतं?”

इतक्या वर्षांत बाईंनी उत्तर हवं म्हणून कोणाला विचारलेला हा पहिला प्रश्न मी ऐकला.

“काई नाई जी,” किसनभाऊ म्हणाले. “पुसतो, कपड्यात बांधतो, आनतो.”

“अजून?”

“शेंदूर लावतो.”

बाईंचा हात टेबलावर होता तिथंच राहिला. “कुठं?”

“बोटाले. अन् वर, जिथून कापला तिथं. तेलात कालवून, बारीकसा.”

“काहून?” बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून घाटंजीची बोली बाहेर पडलेली मी ऐकली नव्हती.

“पाय बी मानसाचाच हाय नं जी. त्याच्यामांगं कोनी रडत नाई, अगरबत्ती लावत नाई. म्या म्हनलं, बिनाटिळ्याचा काहून जाऊ द्याव? पयलेपासून लावतो मी.”

“त्या वनरक्षकाच्या पायाला लावला होता?”

“नाई जी. ते बौद्ध हाय. त्यायच्यात शेंदूर नाई चालत. पांढऱ्या कपड्यात बांधला, हात जोडले. मुसलमानाचा असला तरी तसंच करतो.”

“तुला कसं कळतं कोण कोण आहे?”

किसनभाऊंना तो प्रश्न कळेचना. ते माझ्याकडे बघून म्हणाले, “नाव इचारतो नं जी.”

 कापलेलं टोक म्हणजेच जिथून बाई धमनी सोडवून घ्यायच्या ती जागा. रक्तात शेंदूर दिसत नाही. कुंकवात शिसं असतं हे ज्या बाईंनी वैशालीला दारात उभं करून शिकवलं, त्यांनी त्या दाराच्या बाहेर काय होतं ते एकदाही विचारलं नव्हतं. विचारायचं म्हणजे माणसाशी बोलावं लागलं असतं.

“उद्यापासून लावायचा नाही,” बाई म्हणाल्या.

“मंग मी पाय आननार नाई,” किसनभाऊ म्हणाले, अगदी शांतपणे. “दुसऱ्या कोनाले सांगा.”

 मी वाट पाहत होते, आता काय ऐकावं लागतं. पण त्या म्हणाल्या, “बोटाला लाव. कापलेल्या टोकाला नको.” किसनभाऊ “हो जी” म्हणून गेले. बाईंनी केलेली तेवढी एकच तडजोड माझ्या पाहण्यात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाल्या, “दिग्रस, गाडीत बस.” गाडी त्या स्वतः चालवत होत्या.  मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. चूक कबूल करायला ही बाई स्वतः निघाली आहे, हे बघायला मिळणार होतं. त्यानंतर त्या आणखी काही महिने कॉलेजात होत्या, रोज समोर दिसायच्या, पण माझ्यापुरतं त्यांचं शेवटचं दर्शन त्याच दिवशीचं आहे.

पोडावर ऊन चढलं होतं. कुडाची घरं, मधोमध तो लाल दांड्याचा पंप. मोहाच्या झाडाखाली बाजेवर एक माणूस एका पायानं बसला होता, कुबडी बाजेला टेकवलेली. बाई त्याच्या शेजारून गेल्या. पंचायतीच्या माणसानं किल्ली आणली होती. बाईंनी कुलूप स्वतः उघडलं, साखळी ओढून काढली आणि दांडा मारायला लागल्या. बरंच मारल्यावर आधी तांबडं पाणी आलं, मग स्वच्छ. बायका घराघरांतून येऊन उभ्या राहिल्या. एकीच्याही हातात भांडं नव्हतं.

“पाण्यात काही नाही,” बाई म्हणाल्या. “पायाचा रिपोर्ट चुकला. भरा.”

“रिपोर्ट कोनं केलता?” गंगूबाईनं विचारलं.

बाई थांबल्या. “मी,” म्हणाल्या. मग त्यांनी ओंजळ धरली आणि सगळ्यांसमोर पाणी प्यायल्या. “हे बघा. मी पिते.”

“तुमी एक दिवस पेसान. आमाले रोज प्याचं हाय,” गंगूबाई म्हणाली. “तवा तुमी म्हनलं इष हाय, आमी मानलं. आता म्हनता नाई. आमी कोनत्या दिवशीचं मानाव?” तिनं बाजेकडे हात केला. “मॅडम, या मानसाचं नाव काय हाय?”

बाईंनी बाजेकडे पाहिलं.

“तुमी याची नस काढून नेली. तिचा फोटो भिंतीवर लावला, किसनभाऊनं सांगतलं आमाले. तुमच्या भिंतीवर हाय नं हा? मंग नाव सांगा याचं. आमी आत्ता भरतो पानी.”

बाईंची नजर आधी लखूच्या चेहऱ्यावर गेली. मग त्याच्या तुटलेल्या पायावर गेली आणि तिथंच अडकून राहिली, बहुतेक तिथून काही ओळख पटते का ते त्या बघत होत्या. त्यांचे ओठ हलले. ओठांवर कोणता शब्द आला होता तो मला ठाऊक होता. तो त्यांनी गिळला, हे मानायला हवं. मग त्या माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे पहिल्यांदा असं पाहिलं, की त्यांना माझ्याकडून काहीतरी हवं आहे आणि ते हुकूम सोडून मिळणारं नाही.

लखू आत्राम. माझ्या जिभेवर होतं. मी नुसते ओठ हलवले असते तरी भागलं असतं.

मी पंपाच्या तोटीकडे पाहत राहिले. मला वैशाली आठवत होती, उघड्या दारातून ऐकत असलेली गंगूबाई आठवत होती. मी काही बोलले नाही.  लखूनं तोंड फिरवलं आणि जंगलाकडे पाहायला लागला.

बाई पंपाकडे वळल्या आणि पुन्हा दांडा मारायला लागल्या. पाणी चांगलं धो धो येत होतं. त्यांच्या चपलांभोवती साचलं, मग उताराला लागलं. एक बकरी आली आणि तोटीखाली तोंड लावून प्यायला लागली. बायका हलल्या नाहीत.

मी गाडीत जाऊन बसले. काच खाली होती. दांड्याचा कुरकुर आवाज बराच वेळ येत होता, भांडं ठेवल्याचा काही आला नाही.